पडद्यावरचा पट : नव्या खेळाची परीक्षा

सारीपाटाचा किंवा बुद्धिबळाचा कर्ता कोण, हें कोणासहि सांगतां येत नाहीं. हे खेळ एका माणसानें एका बैठकींत रचलेले नव्हेत. पिढ्यानुपिढ्या लोक ते खेळत गेले. जो नियम जाचक वाटला तो टाकला, ज्यानें रंगत आली तो ठेवला, आणि नदींतील गोट्याप्रमाणें ते खेळ घासून घासून गुळगुळीत झाले. आज जो कोणी नवा पटखेळ रचतो, त्याला शतकांची सवड नसते. त्याचा खेळ वर्षा-दोन वर्षांत सिद्ध व्हावयाचा, छापखान्यांत जावयाचा आणि पेट्यांत भरून घरोघर पोहोंचावयाचा असतो. एकदां पेटी विकली गेली म्हणजे तींत राहिलेली चूक परत बोलावतां येत नाहीं. म्हणून छपाईपूर्वींच खेळाची कसून परीक्षा घ्यावी लागते. आणि या परीक्षेसाठीं संगणकाच्या पडद्यावरील आभासी पटाचा जो उपयोग होऊं लागला आहे, त्याचें स्वरूप जाणून घेणें मनोरंजक तसेंच उद्बोधक आहे.

गणितानें कांहीं गोष्टी आधींच कळतात, यांत शंका नाहीं. दोन फांसे टाकले असतां ३६ प्रकारें दान पडूं शकतें. त्यांपैकीं सातांचें दान ६ प्रकारांनीं येतें, तर दोहोंचें किंवा बारांचें केवळ एकेका प्रकारानें. परंतु चुरस, कंटाळा आणि निराशा यांचें गणित कागदावर मांडतां येत नाहीं. ज्या गड्याचा पराभव तिसऱ्याच फेरींत ठरून गेला, तो उरलेला तासभर कोणत्या आशेवर बसेल? याचें उत्तर प्रत्यक्ष डावांतच मिळतें.

जुन्या नामांकित रचनाकारांनीं हीच वाट चोखाळली. अमेरिकेंतील आल्फ्रेड बट्स हा वास्तुशिल्पज्ञ १९३० नंतरच्या मंदींत बेकार झाला असतां शब्दांचा एक खेळ रचूं लागला. वर्तमानपत्रांतील अक्षरें मोजून कोणतें अक्षर किती वेळां लागतें, हें त्यानें ठरविलें. त्या हिशेबानें ‘ई’ या अक्षराचे १२ ठोकळे झाले. परंतु ‘एस’चे मात्र त्यानें चारच ठेवले, कारण तें अक्षर मुबलक मिळालें तर कोणत्याहि शब्दाचें अनेकवचन करून गडी फुकटचे गुण मिळवीत बसले असते! मोजणी आणि खेळतांना येणारा अनुभव, दोहोंची सांगड अशी घालावी लागते. तोच खेळ १९४८ सालीं ‘स्क्रॅबल’ या नांवानें पुढें आला. जर्मनींतील क्लाउस टॉयबर हा दंततंत्रज्ञहि आपला ‘कटान’ हा खेळ १९९५ सालीं प्रसिद्ध होण्यापूर्वीं घरच्या मंडळींबरोबर खेळून पाहात असे.

परंतु घरच्या मेजाला दोन मर्यादा आहेत. आप्तेष्ट प्रेमळ असतात. ते दोष पोटांत घालतात. शिवाय दहा-पांच डावांनंतर त्यांना खेळ इतका परिचित होतो, कीं नवख्याची अडचण त्यांना दिसेनाशी होते. अपरिचित गडी आणावे तर कोठून?

येथें आभासी पट उपयोगी पडतो. ‘व्हॅसल’, ‘टेबलटॉप सिम्युलेटर’, ‘टेबलटोपिया’ हीं अशा सॉफ्टवेअरचीं प्रसिद्ध नांवें होत. व्हॅसल हें विनामूल्य असून त्याचा उगम युद्धपटांच्या शौकिनांत आहे. टेबलटॉप सिम्युलेटर २०१५ सालीं पूर्णावस्थेंत बाजारांत आलें. टेबलटोपिया ब्राउझरमध्येंहि उघडतें. पडद्यावर एक मेज दिसतें. एक गडी पुण्यांत, दुसरा बर्लिनमध्यें, तरी दोघेहि त्याच मेजाशीं बसलेले असतात. फांसे टाकावेत, पत्ते पिसावेत, वाटावेत. ज्याचे पत्ते त्यालाच दिसतात. टेबलटॉप सिम्युलेटरमध्यें तर रागावलेल्या गड्याला संपूर्ण मेज उलथून टाकण्याचीहि सोय आहे आणि झालेली नासधूस क्षणांत मागें फिरविण्याचीहि!

रचनाकाराला यासाठीं फारसें यंत्रज्ञान लागत नाहीं. एकाच चित्रांत आडवे १० आणि उभे ७ असे रकाने आंखून त्यांत पत्ते मांडले, कीं त्यांचा कॅट तयार होतो. शेवटचा रकाना बहुधा झांकलेल्या बाजूसाठीं राखतात, म्हणून एका चित्रांत ६९ पत्ते मावतात. पूर्वीं एका पत्त्यावरील अंक बदलावयाचा म्हणजे कात्री, कागद आणि खळ घेऊन बसावें लागे. आतां रात्रीं चित्र दुरुस्त करावें आणि सकाळीं नवा पत्ता खेळावा. मांडलेला डाव जसाच्या तसा जपूनहि ठेवतां येतो. त्यामुळें खेळाचा शेवटच तेवढा लंगडा असेल, तर प्रत्येक वेळीं आरंभापासून न खेळतां त्या ठिकाणापासून पुनः पुन्हां खेळून पाहतां येतें.

या मेजाचा सर्वांत मोठा गुण मात्र वरवर पाहतां उणीव भासेल. तें स्वतः नियम जाणत नाहीं. ‘बोर्ड गेम अरेना’सारख्या संकेतस्थळावर संगणक पंचाचें काम करतो आणि चुकीची खेळी करूंच देत नाहीं, परंतु त्यासाठीं प्रत्येक नियम आधीं त्याला शिकवावा लागतो. आभासी मेजावर पंच नसतो, नियम पाळावयाचे ते गड्यांनींच. म्हणूनच तेथें नियम बदलण्यास एक वाक्य पुरतें. आणि गड्यांकडून चूक झाली, तर नियम कोठें संदिग्ध आहे, हें तत्काळ उघडकीस येतें. २०२० सालीं महामारीनें एकत्र बसणें अशक्य केलें, तेव्हां अनेक रचनाकारांचें काम या मेजांमुळेंच थांबलें नाहीं.

तथापि हें मेज कांहीं बाबतींत फसवें आहे. पडद्यावर सोंगटी उचलून ठेवण्यास हातापेक्षां अधिक वेळ लागतो. म्हणून तेथें डाव दीड तास चालला तर पेटीवर दीड तास छापूं नये. उलट पत्ते पिसणें आणि पट मांडणें तेथें एका कळीसरशीं होतें. तोच उपद्व्याप घरीं किती कंटाळवाणा होईल, हें कळत नाहीं. बारीक अक्षरहि मोठें करून वाचतां येत असल्यामुळें छापील पत्ता वाचतां येईल कीं नाहीं, याची परीक्षा होत नाहीं. नवख्याला मेज आणि खेळ दोन्हीं एकदम शिकावीं लागतात. मग त्याची कुरकूर कोणाविषयीं आहे, हें ओळखणें कठीण. म्हणून आधीं पांच मिनिटें त्याला नुसते फांसे टाकूं द्यावेत. आणि हस्तकौशल्याचे खेळ येथें पारखूंच नयेत. नियमांची आणि अंकांची परीक्षा पडद्यावर, हातांची आणि डोळ्यांची परीक्षा कागदी नमुन्यावर, अशी वांटणी शहाणपणाची होय.

मेज कोणतेंहि असो, परीक्षेचे नियम तेच. एका वेळीं एकच बदल करावा, आणि प्रत्येक आवृत्तीवर तारीख घालावी. खेळ संपल्यावर “आवडला का?” असें विचारूं नये, सभ्य माणूस होयच म्हणतो. “कोणत्या क्षणीं लक्ष उडालें?” असें विचारावें. गड्यानें सांगितलेला उपाय पुष्कळदां चुकतो, पण त्याला टोंचलेला कांटा खरा असतो.

सर्वांत अवघड नियम मौनाचा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला तिच्यांतील संदिग्धता दिसत नाहीं, तसेंच रचनाकाराचें असतें. गडी चुकला कीं “तसें नव्हे, असें” हे शब्द त्याच्या ओठांवर येतात. आणि ते उच्चारले कीं परीक्षा संपली, कारण विकत घेतलेल्या पेटींतून रचनाकार बाहेर येऊन बोलत नाहीं. प्रत्यक्ष मेजाशीं बसून गप्प राहणें संन्याशालाहि जड जाईल. आभासी मेजावर तो नियमपुस्तिका गड्यांच्या स्वाधीन करून, आपला ध्वनिग्राहक बंद करून, कोपऱ्यांत नुसता पाहात राहूं शकतो. अनोळखी चौघे त्याच्या शब्दावांचून डाव पुरता खेळले, हरलेल्यानें “आणखी एक डाव” म्हटलें, कीं खेळ कर्त्याच्या हातून सुटून खेळणाऱ्यांचा झाला असें समजावें. सारीपाटाला त्याच्या कर्त्याची आठवण लागत नाहीं, ती याच कारणानें.