घरच्या संगणकांतील जोडडिस्क आणि तिचा दुभाष्या

मध्यम स्थितींतील सुशिक्षित कुटुंबांत फडताळांतील दप्तराला पूर्वीं जें स्थान होतें, तें आतां संगणकाला आलें आहे. घराचे कागद, मुलांचीं प्रमाणपत्रें, लग्नमुंजींचीं छायाचित्रें, फार काय, पणजोबांच्या हातच्या मोडी कागदांचीं चित्रेंसुद्धां एका डिस्कवर येऊन बसलीं आहेत. डिस्क हें यंत्र आहे, आणि यंत्र केव्हां ना केव्हां बंद पडावयाचेंच. म्हणून कित्येक गृहस्थ संगणकांत दोन डिस्क जोडून घेतात. ह्या जोडणीस ‘रेड’ म्हणतात. तिजविषयीं गृहस्थाला जेवढें अवश्य ठाऊक पाहिजे, तेवढें येथें सांगण्याचा आमचा मानस आहे.

ह्या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी 1988 सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ ह्या तिघांनीं एका निबंधांत केली. एका मोठ्या व महाग डिस्कऐवजीं लहान व स्वस्त डिस्कांचा समूह वापरावा, आणि एखादी बिघडली तरी काम अडूं नये म्हणून कांहीं माहिती जादा ठेवावी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. तिचे प्रकार आंकड्यांनीं ओळखले जातात. ‘रेड शून्य’मध्यें माहितीचे तुकडे दोन्ही डिस्कांवर वांटले जातात. वेग वाढतो खरा, पण एक डिस्क गेली कीं सर्वच गेलें. ‘रेड एक’मध्यें एकच मजकूर दोन्हींवर लिहिला जातो, जणूं पोथीच्या दोन प्रती. एक टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा एकच टेराबाइट मिळते. ‘रेड पांच’ला किमान तीन डिस्क लागतात. संसारी माणसाला ‘रेड एक’ पुरेसें आहे.

आतां मुख्य मुद्दा. डिस्क आणि संगणक ह्यांच्यामध्यें कंट्रोलर नांवाचा एक कारभारी असतो. तो आयडीई, एएचसीआय किंवा रेड ह्यांपैकीं कोणत्या रीतीनें चालावा, हें बायोसमध्यें ठरवितात. नव्या यंत्रांत आयडीई बहुधा आढळत नाहीं. प्रत्येक रीतीची भाषा निराळी, म्हणून विंडोजला त्या त्या भाषेचा दुभाष्या लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. विंडोज प्रत्येक ड्रायव्हरपुढें एक आंकडा नोंदवून ठेवते. शून्य असल्यास तो आरंभींच उठतो, तीन असल्यास बोलावल्यावर येतो आणि चार असल्यास मुळींच येत नाहीं.

येथें बीजवृक्षन्यायाची गांठ पडते. डिस्क वाचावयास ड्रायव्हर हवा, आणि तो ड्रायव्हर तर डिस्कवरच! पेटीची किल्ली पेटींतच ठेवून कुलूप लावावें, तसा हा प्रकार. म्हणून विंडोज ज्या रीतीवर बसविली, ती रीत मागाहून एकाएकीं बदलली तर योग्य दुभाष्या आरंभीं हजर नसतो, आणि निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हीं अक्षरें उमटतात.

रीत बदलावयास कोणीं हात लावलाच पाहिजे असें नाहीं. संगणकाच्या मुख्य पाटीवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. कांहीं वर्षांनीं ती संपली म्हणजे अनेक यंत्रांत बायोसच्या नोंदी मूळपदावर येतात, आणि ‘रेड’च्या जागीं ‘एएचसीआय’ होऊन बसतें. संगणकाचें घड्याळ मागें पडलेलें दिसलें, तर ही शंका प्रथम घ्यावी. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. दुरुस्तीस आलेल्या तरुणानें “डिस्क गेली” असा निर्णय देऊन दोन्ही डिस्क पुसल्या व विंडोज नव्यानें घातली. डिस्क धडधाकट होत्या. गेलीं तीं त्या घरचीं वीस वर्षांचीं छायाचित्रें. एक नोंद पूर्ववत् केली असती, तर बहुधा सर्व कांहीं जाग्यावर सांपडलें असतें. म्हणून निळा पडदा दिसतांच आधीं बायोसमधील रीत पाहावी, आणि तोंपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहूं देऊं नये.

रीत बुद्ध्याच बदलावयाची असेल, तर क्रम असा. प्रथम सर्व माहितीची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकरचें कुलूप असल्यास त्याची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर उतरून ठेवावी. खात्याचा सांकेतिक शब्दही जवळ असावा, कारण सेफ मोडमध्यें पिन चालेलच असा भरंवसा नाहीं. नव्या रीतीचा ड्रायव्हर विंडोजमध्यें नसेल, तर तो आधीं मिळवावा. नंतर ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मधील ‘बूट’ ह्या पानावर ‘सेफ बूट’ची खूण करावी, संगणक पुन्हां सुरू करून थेट बायोसमध्यें जावें, रीत बदलावी व जतन करावी. सेफ मोडमध्यें विंडोज नवा दुभाष्या ओळखून त्याची नोंद करते. मग ती खूण काढून पुन्हां एकदां सुरू करावें. मात्र रीत बदलणें आणि संच बांधणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. बायोसमधून नवा संच बांधतांना डिस्कांवरील माहिती नाहींशी होते.

विंडोज नव्यानें बसवितांना डिस्क दिसतच नसेल, तर घाबरूं नये. एक्सपीच्या काळीं ‘एफ सहा’ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. आतां ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून पेनड्राइव्हवरून देतां येतो.

ड्रायव्हरच्या सोबतीच्या खिडकींत ‘राइट बॅक’ नांवाची एक सोय असते. तिनें वेग वाढतो, परंतु लिहावयाचा मजकूर क्षणभर स्मृतींतच राहतो, व तेवढ्यांत वीज गेली तर तो बुडतो. आपल्या गांवांतून वीज कशी वागते हें वाचकांस सांगावयास नको. यूपीएस नसल्यास ही सोय बंद ठेवावी.

शेवटीं एक गोष्ट. ‘रेड’ म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. चुकून पुसलेला कागद दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणीं पुसला जातो, आणि चोरी किंवा आग दोहोंना एकदमच गांठते. तिसरी प्रत घराबाहेर, बहिणीकडे किंवा मुलाकडे, असलीच पाहिजे. बायोसमधील रीतीचें छायाचित्र घेऊन, तें छापून, घरच्या महत्त्वाच्या कागदांत आजच ठेवावें. दुरुस्तीस येणाऱ्याच्या हातीं प्रथम तो कागद द्यावा, मग संगणक.