चित्रामागची चिकाटी

एखाद्या तरुण मुलीच्या एका डोळ्यापुढे अचानक धुके दाटते आणि काही आठवड्यांत ते निवळतेही. वर्षभराने पाय बधिर होतात, तोल जातो आणि पुन्हा सारे पूर्ववत होते. रक्त तपासले, क्ष-किरण चित्र काढले, तरी हाती काही लागत नाही. मग घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या कितीतरी रुग्णांच्या वाट्याला रोगाबरोबर हा अविश्वासही आलेला आहे. ज्यांच्या संशोधनाने या रुग्णांच्या तक्रारीस पुराव्याचे बळ मिळाले, त्या डॉ. इयन मॅक्डोनल्ड यांच्या कार्याचे स्मरण म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते.

फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. विजेच्या तारेवर वेष्टण असावे तसे मज्जातंतूंवर मायेलिनचे आवरण असते. या रोगात ते जागोजागी झडते व तेथे चट्टे पडतात. परंतु हे चट्टे डोळ्यांनी पाहावयाचे तर शवविच्छेदनावाचून गत्यंतर नव्हते. १९३३ साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या व ओटागो विद्यापीठात शिकलेल्या मॅक्डोनल्ड यांनी, आवरण झडल्यावर तंतूतील संदेश मंदावतो किंवा थांबतो, हे प्रयोगांनी दाखविले. पुढे लंडनमध्ये हॅलिडे प्रभृती सहकाऱ्यांसह त्यांनी रुग्णांना बुद्धिबळाच्या पटासारखी हलती काळी-पांढरी घरे दाखवून मेंदूतील विद्युत्-प्रतिसाद मोजला. डोळ्याच्या मज्जातंतूला सूज येऊन गेलेली असल्यास हा प्रतिसाद उशिरा पोहोचतो, आणि दृष्टी सुधारल्यावरही तो विलंब बहुधा टिकून राहतो, असे १९७२ साली त्यांनी प्रसिद्ध केले.

त्यानंतर चुंबकीय चित्रणाचे, म्हणजेच एमआरआयचे युग आले. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी दहा रुग्णांची अशी चित्रे घेतली. सीटी स्कॅनमध्ये १९ चट्टे दिसले होते. नव्या तंत्राने त्यांखेरीज शंभराहून अधिक दाखविले. मॅक्डोनल्ड यांनी या शक्यतेचे मोल ओळखले. ब्रिटनच्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटीच्या साहाय्याने क्वीन स्क्वेअर येथे या रोगाच्या अभ्यासासाठी यंत्र आले आणि त्यांचा चमू कामास लागला.

येथेच त्यांचे खरे वैशिष्ट्य दिसते. केवळ चित्रे काढून ते थांबले नाहीत. पहिला झटका आलेल्या रुग्णांना त्यांच्या चमूने वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीत, आरंभीच्या चित्रात चट्टे असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांना पुढे हा रोग जडल्याचे दिसले. चित्र निर्दोष असलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. मॅक्डोनल्ड यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय समितीने २००१ साली निदानाचे निकष ठरविले, तेव्हा दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता चित्रांच्या आधारे निदान करण्याची वाट मोकळी झाली. झटके कमी करणारी औषधे १९९३ पासून उपलब्ध होऊ लागली असल्याने या लवकर निदानाला विशेष अर्थ आहे. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे हे निकष आजही वेळोवेळी सुधारून वापरले जातात.

मात्र चित्र म्हणजे रुग्ण नव्हे. चट्टे पुष्कळ असूनही एखादा हिंडता-फिरता असतो, तर थोडे असूनही दुसरा अंथरुणाला खिळतो. स्वतः मॅक्डोनल्ड यांना २००४ साली पक्षाघाताचा झटका आला व पियानो वाजविणाऱ्या या वैद्याची स्वरलिपी वाचण्याची क्षमता हरपली. ती हळूहळू कशी परत आली, याचा वृत्तान्त त्यांनी संशोधकाच्या अलिप्ततेने लिहिला. २००६ च्या डिसेंबरात ते निवर्तले.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने या रोगाचा दिव्यांगत्वाच्या यादीत समावेश केला, हे योग्यच झाले. परंतु प्रमाणपत्र निदानानंतर मिळते, आणि निदान वेळेवर व्हावयास हवे. एमआरआय यंत्राच्या उद्‌घाटनाची फीत कापणे सोपे. त्याच रुग्णाला दहा वर्षांनी शोधून पुन्हा तपासणे कठीण. गोव्यासारख्या आटोपशीर राज्यात हे अशक्य नाही. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने व आरोग्य खात्याने अशा रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा हे आपले नित्याचे कर्तव्य मानावे, आणि पहिल्या तक्रारीपासूनच्या नोंदी जपाव्यात, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. घरच्या मंडळींनीही, धुके निवळले म्हणून त्या मुलीची तक्रार खोटी ठरवू नये.