विधेयकामागील सर्वपक्षीय संमती : संयुक्त महाराष्ट्राचे उदाहरण

एखाद्या विधेयकास निरनिराळ्या पक्षांचा पाठिंबा मिळाला म्हणजे त्यातून होणारा कायदा टिकाऊ ठरतोच, असे नाही. संमती कोणाची आणि कोणत्या मुद्द्यापुरती, हे पाहणे अगत्याचे असते. मुंबई राज्याच्या प्रश्नावर १९५६ साली अशा दोन संमती घडून आल्या. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिली संमती दिल्लीत झाली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर होताच शहरात प्रक्षोभ उसळला व गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेत अनेक पक्षांच्या सदस्यांनी मिळून विशाल द्विभाषिकाचा तोडगा पुढे केला आणि तो बहुमताने संमत झाला. येथे ‘द्विभाषिक’ या शब्दाचा अर्थ ध्यानात घ्यावयास हवा. भाषाशास्त्रात द्वैभाषिकता म्हणजे दोन भाषांचा प्रत्यक्ष व्यवहार. या राज्यात मात्र मराठी व गुजराती असे दोन भाषिक प्रदेश केवळ एका शासनाखाली आणलेले होते. ज्यांच्यासाठी ही योजना होती, त्यांची संमती तीत नव्हती.

दुसरी संमती महाराष्ट्रात आकारास आली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस होते. परळ-लालबागच्या गिरणगावात कम्युनिस्ट व समाजवादी यांच्यात कामगार संघटनांवरून जुनी स्पर्धा होती. शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांचे कार्यक्रम त्याहून वेगळे. तरीही हे पक्ष एकत्र आले, कारण कोणासही आपले तत्त्वज्ञान सोडावे लागले नाही. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य, एवढ्याच मागणीवर एकमत अपेक्षित होते. १९५७ च्या निवडणुकीत समितीचे अनेक उमेदवार आपापल्या पक्षाच्या नावाने उभे राहिले. गिरगाव-दादरचा मध्यमवर्ग व परळचा गिरणी कामगार या मागणीपाशी एकत्र आले.

परंतु आंदोलन कायदा करू शकत नाही. संसदेतील बहुमत काँग्रेसपाशी होते. निवडणुकीतील फटक्यानंतर त्या पक्षातही पुनर्विचार सुरू झाला आणि १९५९ च्या अखेरीस विभाजन मान्य झाले. मुंबई पुनर्रचना अधिनियम १९६० साली संमत झाला व १ मे रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. द्विभाषिक राज्य जेमतेम साडेतीन वर्षे टिकले.

या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. बेळगाव, कारवार व निपाणी बाहेरच राहिली. मुख्य मागणी पुरी होताच समितीतील ऐक्यही ओसरले, कारण एका कलमावर उभे राहिलेले ऐक्य त्या कलमाबरोबरच संपते. ते ऐक्य उभे राहू शकले तेही त्याच मर्यादेमुळे. सर्वपक्षीय संमती म्हणजे मतभेदांचा अंत नव्हे. कोणते मतभेद तूर्त बाजूस ठेवावयाचे, याविषयीचा तो करार होय. आणि ज्यांना कायद्याखाली राहावयाचे आहे, ते त्या करारात असतील तरच कायदा टिकतो.