पाहुणे सर्जन आणि यजमान हॉस्पिटल

रजा काढून, बहुतेकदा स्वतःच्या खर्चाने परमुलखात येऊन ऑपरेशने करणारी ख्रिस्ती डॉक्टरांची पथके जगात ठिकठिकाणी आहेत. ‘मर्सी शिप्स’ ही 1978 मध्ये स्थापन झालेली संस्था तर जहाजावरच हॉस्पिटल थाटते. तेलंगणातल्या आदिलाबादसारख्या जिल्ह्यात असे पथक यायचे असेल, तर पाहुण्यांच्या पदव्यांआधी यजमानाची तयारी पाहावी.

मिरज: आले ते राहिले

डॉ. विल्यम वॉन्लेस मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभे राहिले. शस्त्रक्रियेसाठी लांबून माणसे मिरजेला येऊ लागली. वॉन्लेस यांचा हात चांगला होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते 1928 पर्यंत इथे राहिले आणि त्यांनी इथल्याच मुलामुलींना वैद्यकी व परिचर्या शिकवली. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता, तो कुणी लपवला नाही. तरी आज मिरजेला ‘दवाखान्यांचे गाव’ म्हणताना त्यांच्या प्रवचनांपेक्षा त्यांनी लावलेली शिस्तच लोकांना आठवते.

पाढर: आले ते परत गेले

दुसरे उदाहरण आदिलाबादला अधिक जवळचे, नागपूर-भोपाळ रस्त्यावरचे. बैतूल जिल्ह्यातल्या पाढर गावी 1958 पासून लुथरन चर्चचे हॉस्पिटल आहे. आसपासची वस्ती गोंड आणि कोरकूंची. तिथे 2011 मध्ये जन्मलेल्या सयामी जुळ्या बहिणींना जून 2012 मध्ये वेगळे केले गेले. ऑपरेशन सुमारे बारा तास चालले. ऑस्ट्रेलियाहून आलेले आणि देशातल्या इतर हॉस्पिटलांतले डॉक्टर पाढरच्या डॉक्टरांसोबत टेबलाशी उभे होते. दोघींपैकी एक काही दिवसांनी गेली, दुसरी जगली. बातम्यांत ते बारा तासच आले. त्याआधी वर्षभर त्या मुलींना वाढवले ते पाढरच्या नर्सनी, आणि पाहुणे गेल्यावरही वॉर्ड त्यांनीच सांभाळला.

आदिलाबादचा रुग्ण

या जिल्ह्याचा मराठीशी जुना संबंध आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबादेतच होते. आज जिल्ह्याच्या गावी 2008 पासून ‘रिम्स’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आरोग्यश्री योजनेत ठरावीक ऑपरेशने मोफत होतात. मात्र ही योजना तेलंगणाच्या रहिवाशांसाठी आहे. पैनगंगेपलीकडून आलेल्याला ती लागू नाही.

बाहेरच्या सर्जनला सहज न सुचणारी एक गोष्ट इथे आधी पाहावी लागते. गोंड, कोलाम यांसारख्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. अशा रुग्णाला भूल देताना शरीरातला ऑक्सिजन कमी झाला, पाणी कमी पडले किंवा अंग गार पडले, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवतात. म्हणून हर्नियासारख्या साध्या वाटणाऱ्या ऑपरेशनाआधीही रक्ताची ती तपासणी हवी. दुभंगलेल्या ओठासाठी सर्जनांचा जुना ठोकताळा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड, हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. कुपोषित बाळ बहुधा शेवटच्या दोन अटींवर अडते. त्याला परत पाठवावे लागते, आणि आईला हे समजावणारा माणूस शिबिरानंतरही गावात असावा लागतो.

परवाना आणि संमती

परदेशी डॉक्टरला भारतात रुग्णाला हात लावायचा तर तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. सेवाभावी कामालाही यातून सूट नाही. संमतीपत्र तेलुगूत छापले आणि रुग्ण गोंडी किंवा मराठी बोलणारा असला, तर त्या अंगठ्याला काय अर्थ? प्रार्थनेचेही तेच. ज्याला हवी त्याच्यासाठी ती करावी, पण ऑपरेशनची तारीख तिच्यावर अवलंबून आहे असे रुग्णाला वाटता कामा नये.

पथक गेल्यावर

घाईची किंमत 2014 मध्ये बिलासपूरला कळली. तिथल्या सरकारी नसबंदी शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांची ऑपरेशने उरकली गेली आणि त्यांतल्या अनेकजणी दगावल्या. ते शिबिर मिशनचे नव्हते, पण आकड्यांचा मोह पाहुण्या पथकांनाही होतो. आज मोतीबिंदूसाठी सुधारलेली पद्धत अशी: तपासणी गावात, ऑपरेशन हॉस्पिटलात. पण ऑपरेशनाने काम संपत नाही. टाके आठवडाभराने निघतात, हर्नियाच्या जाळीचा जंतुसंसर्ग महिन्यांनीही उद्भवू शकतो, आणि दुभंगलेला टाळू शिवला तरी मुलाला बोलायला शिकवावे लागते. म्हणून नाव नोंदवताना तीन गोष्टी विचाराव्यात: भूल कोण देणार, ऑपरेशनचा कागद कोणत्या भाषेत मिळणार, आणि महिन्याने ताप आला तर कुणाच्या दारात जायचे.