पोपट, ढग आणि ईना मीना डीका

गमतीचे गाणे हा मराठी संगीतातला सर्वांत कमी मान मिळालेला प्रकार. त्यात विरह नसतो, भक्ती नसते, रागदारीची कसरतही नसते. एखादा बोलणारा पक्षी, अर्थ नसलेले चार ध्वनी, कुणाची तरी नक्कल, मध्येच एक शिट्टी किंवा उचकी, एवढ्यावर ते उभे राहते. समीक्षक त्याच्या वाटेला जात नाहीत. तरी आजी, आई आणि नात या तिघींना एकाच वेळी तोंडपाठ असलेली गाणी काढायला बसले, तर भावगीतांपेक्षा हीच जास्त निघतात. भावगीत मुलांना बसवून ऐकवावे लागते. गमतीचे गाणे मुले न सांगता उचलतात, आणि उचलतात ती बहुतेक वेळा वरातीत, मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात. नाशिकमध्ये या तिन्ही गोष्टींची वाण नाही, म्हणून हा प्रवास कसा होतो ते पाहायला हे शहर सोयीचे.

या गाण्यांचा मोठा कारागीर नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यातलाच. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ चा, गोदाकाठच्या पुणतांब्याचा. १९४७ च्या ‘शहनाई’ने रविवारच्या भेटीचे एक खट्याळ गाणे देशभर नेले. १९४९ च्या ‘पतंगा’ने रंगूनहून टेलिफोन करणारा नवरा दिला. दोन्हींत पाश्चात्त्य वाद्ये आणि बोलीतला ठसका बेमालूम मिसळलेला आहे. १९५७ च्या ‘आशा’मधले ‘ईना मीना डीका’ तर शब्दांच्या अर्थालाच रजा देते. त्याच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात : संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळताना राज्य कुणावर हे ठरवण्यासाठी गाणे म्हणत होती, तेच कानावर पडले आणि चाल सुचली, वाद्यवृंदातल्या एका गोमंतकीय वादकाने त्यात कोकणीची फोडणी घातली. गोष्ट खरी असेल तर मुलांच्या खेळातून आलेले हे गाणे सत्तर वर्षे मुलांच्याच खेळात परत जात आहे. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चालही याच माणसाची, हे ऐकल्यावर नव्या पिढीतली मुले हमखास चमकतात.

सी. रामचंद्रांचेच संगीत असलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’ने गाण्याला पाय दिले. नायक-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, सगळ्यांचे भगवानदादा, शरीराने नाचासाठी घडलेले नव्हते. गुडघे किंचित वाकवून, हात कोपरातून सैल सोडून, खांदे उडवत ते जे करत, ते कुणालाही पहिल्या प्रयत्नात जमते, आणि त्याच्या टिकण्याचे कारण तेच. अवघड नाच पाहायचा असतो, सोपा नाच करायचा असतो. गणपतीच्या मिरवणुकीत आजही काका लोक तीच चाल धरतात आणि मागची मुले त्यांची नक्कल करतात. भगवानदादा कोण, हे त्यातल्या कित्येकांना ठाऊक नसते. २०१६ मध्ये मंगेश देसाई यांनी भगवानदादा साकारलेला ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला तेव्हा अनेक तरुणांना कळले, की ‘गणपती डान्स’ ज्याला म्हणतात त्याला एक कर्ता माणूस होता.

मराठीत ही धुरा दादा कोंडके यांनी उचलली. १९७१ चा ‘सोंगाड्या’, पुढच्या वर्षीचा ‘एकटा जीव सदाशिव’, १९७५ चा ‘पांडू हवालदार’ हे चित्रपट गावोगावी तळ ठोकून चालले, आणि गाणी चित्रपटांच्याही पुढे गेली. ‘पांडू हवालदार’च्या वेळी दादांनी सुरेंद्र हेंद्रे आणि विजय पाटील या दोन संगीतकारांची जोडी लावून तिचे नाव ठेवले राम-लक्ष्मण. सुरेंद्र हेंद्रे लवकरच गेले. विजय पाटलांनी मात्र जोडीचेच नाव पुढे चालवले आणि त्याच नावाने ‘मैंने प्यार किया’ व ‘हम आपके हैं कौन’ यांना संगीत दिले. ‘ढगाला लागली कळ’ ही चालही राम-लक्ष्मण यांची, १९७८ च्या चित्रपटातली, महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजात. पावसाळ्यात शाळेच्या बसमध्ये हे गाणे कुणी सुरू केले की शिक्षकही गप्प बसत नाहीत.

त्यानंतर कॅसेट आली आणि गाण्याला चित्रपटाची गरज उरली नाही. रेकॉर्ड महाग, प्लेअर त्याहून महाग. कॅसेट मात्र एसटी स्टँडच्या टपरीवर मिळू लागली. रिक्षात, पानाच्या ठेल्यावर, मांडवात तीच वाजे. गायक प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे या लाटेवर आले आणि मग महाराष्ट्रात त्याच्यापासून सुटका नव्हती. या घराण्याचा आवाज मूळचा भक्तिगीताचा, भीमगीताचा आणि कव्वालीच्या मुकाबल्याचा. उघड्या मैदानात हजारो लोकांपर्यंत पोचणारा तो खडा सूर एका थट्टेच्या गाण्याला लागला, आणि निम्मी गंमत त्या विसंगतीत आहे. पुढे प्रल्हाद शिंदे यांचे नातू आदर्श शिंदे चित्रपटांत गाऊ लागले. तिसऱ्या पिढीचा चाहता नातवाकडून वडिलांकडे, तिथून आजोबांकडे असा मागे मागे जातो.

नाशिकच्या गणेश विसर्जनाची मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि रविवार कारंजा, मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा करत गोदाघाटाकडे उतरते. या मिरवणुकीत दोन वेगळी यंत्रे काम करतात. पहिले नाशिक ढोलाचे पथक. त्याची ख्याती एवढी, की केरळातही ‘नाशिक ढोल’ याच नावाने पथके निघतात. ढोल-ताशाला सूर नसतो, फक्त ठेका असतो. ओळखीचा ठेका पडला की गर्दीतून कुणीतरी त्यावर बसणारे गाणे सुरू करते, आजूबाजूचे चार जण ते उचलतात, ढोलवाल्याला ते ऐकूही येत नाही. दुसरे यंत्र ब्रास बँड किंवा डीजे, ज्याच्याकडे सूर असतो. ट्रम्पेटवाल्याने पहिले चार स्वर काढताच वडिलांच्या खांद्यावर बसलेले मूल हात वर करते, कारण हेच स्वर त्याने मावशीच्या लग्नात ऐकलेले असतात. शब्द त्याला येत नाहीत. त्याला येते ती शेवटची हाक, जिथे सगळे मिळून ओरडतात. गमतीच्या गाण्याचे शिक्षण असे शेपटाकडून सुरू होते : आधी ओरडायची जागा, मग धृपद, मग कधीतरी कडवे. कडव्यापर्यंत पुष्कळ जण कधीच पोचत नाहीत, मोठी माणसेही.

स्नेहसंमेलनाची तऱ्हा वेगळी. डिसेंबर-जानेवारीत महाकवी कालिदास कलामंदिराच्या रंगमंचावर शाळांची रीघ लागते. पाच-सहा गाण्यांचे तुकडे जोडून एक मिक्स तयार करायचे, भाड्याचे पोशाख आणायचे आणि तालमी सुरू. त्यात कोळीगीत असतेच. नाशिक समुद्रापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. नाचणाऱ्या मुलांपैकी कित्येकांनी होडी पाहिलेली असते ती रामकुंडाजवळ, तीही पुराच्या वेळी बचावपथकाची. पण काल्पनिक वल्ही ती अशी मारतात, की वेसाव्याच्या माणसाने मान डोलवावी. कोळीगीते घराघरात पोचवली ती एकेकाळी वेसावकर आणि मंडळींसारख्या गटांच्या कॅसेटनी; आता ते काम शाळेच्या बाई करतात. गाणी बहुधा त्याच निवडतात आणि साहजिकच स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांतली निवडतात. पालकांना गाणी ओळखीची वाटतात ती त्यामुळे. नऊ वर्षांच्या मुलीचे ‘आवडते गाणे’ अनेकदा तिच्या वर्गशिक्षिकेचे असते.

या वारशात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. यातली बरीच गाणी द्वयर्थी आहेत. दादांच्या चित्रपटांची नावेच मुलांसमोर उच्चारताना आई-वडील घसा खाकरतात. मूल मात्र पहिलाच अर्थ ऐकते. त्याच्यासाठी ढग हा ढग आणि पोपट हा पोपट. दुसरा अर्थ दहा-पंधरा वर्षांनी अचानक उलगडतो आणि तो साक्षात्कारही या गाण्यांच्या मजेचा भाग आहे. लोकनाट्यातल्या बतावणीने शतकभर हेच केले : पुढच्या रांगेतल्या पोरांना एक विनोद, मागच्या रांगेतल्या बाप्यांना दुसरा. वाईट गोष्ट वेगळीच. काही गाण्यांतली गंमत बाईच्या जाडीवर, कुणाच्या रंगावर किंवा नको म्हणणाऱ्या मुलीच्या पाठलागावर उभी आहे. तिथे दुसरा अर्थ नसतोच. जे आहे ते पहिल्याच अर्थात आहे. चौदा वर्षांची मुलगी अशा गाण्याला हसत नाही, आणि तिला विनोदबुद्धी नाही असे म्हणणाऱ्या काकांचे बरोबर नाही. ही गाणी मागे पडली तर बिघडत नाही.

नव्या कानापर्यंत जुने गाणे पोचवायचा तिसरा रस्ता पुनर्वापराचा. २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटात अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’ बांधले, गायले आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी. २०१२ मध्ये ‘अग्निपथ’साठी याच संगीतकारांनी तीच चाल हिंदीत वापरली, ती ‘चिकनी चमेली’. पुष्कळ मुलांनी आधी चमेली ऐकली आणि मग तिची मराठी आई त्यांना सापडली. २०१९ च्या ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी चित्रपटासाठी ‘ढगाला लागली कळ’ नव्याने केले गेले, तेव्हा हक्क आपले आहेत म्हणत सारेगामा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या वापराला मनाई केली. चाळीस वर्षांपूर्वीच्या थट्टेसाठी वकील उभे राहतात, यावरून त्या थट्टेची बाजारात काय किंमत आहे ते कळते. याच कंपनीने २०१७ मध्ये हजारो जुनी गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ रेडिओ बाजारात आणला. तो मुले आई-वडिलांसाठी विकत घेतात, आणि मग सुट्टीत नातवंडे त्याची बटणे दाबत बसतात.

घरात मुद्दाम गाणे ऐकवण्याचे प्रयोग मात्र सहसा फसतात. ‘आमच्या वेळी’ने सुरुवात केली की मुलांचे कान मिटतात. मूळ ध्वनिमुद्रणाचाच आग्रह धरला तर जुन्या रेकॉर्डची खरखर त्यांना गाण्याआधी ऐकू येते. त्यापेक्षा कोकणात जाताना गाडीत, किंवा पुरणपोळ्या लाटताना, आपणच बेसूर म्हणावे. कडवे विसरले तर तिथे काहीही घुसडावे. मुले चुकीचे शब्द आधी पकडतात, मग दुरुस्त करण्यासाठी फोनवर मूळ गाणे शोधतात. दक्षिण कोरियातल्या पिंकफाँग कंपनीचे ‘बेबी शार्क’ हे यूट्यूबवर सर्वाधिक पाहिलेले गाणे ज्या पिढीने बालवाडीत ऐकले, तिला एकच शब्द शंभर वेळा म्हणण्याचे वावडे असण्याचे कारण नाही.

नाशिक शहरात अलीकडे याचा उलटा प्रकारही दिसतो. सटाणा, कळवण, मालेगाव भागातून शहरात आलेल्या घरांत आजी-आजोबा अहिराणी बोलतात, आई-वडिलांना ती कळते आणि मुले मराठी-इंग्रजीत राहतात. मग ‘हाई झुमका वाली पोर’सारखी अहिराणी गाणी फोनवरून आणि वरातीच्या डीजेवरून आली. मुलांनी रील केली, शब्द पाठ झाले, अर्थ अडला. तो विचारायला ती आजीकडे गेली. आजीने अर्थ सांगितला, दोन शब्दांचे उच्चार दुरुस्त केले आणि वर आपल्या काळातले लग्नातले एक खोडसाळ गाणे म्हणून दाखवले, जे कुठल्याही कॅसेटवर कधी आलेच नव्हते. मुलांनी तेही फोनवर रेकॉर्ड करून घेतले.