उंटाचा कोट, मेंढीचा कोट

थंडी सुरू झाली की इथे अमेरिकेतल्या दुकानांत ‘कॅमल कोट’ लटकू लागतात. त्यातल्या बऱ्याच कोटांचा उंटाशी संबंध रंगापुरताच असतो. मग खऱ्या उंटाच्या केसांत असं काय आहे, की लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात?

आपल्या डोळ्यांसमोर येतो तो राजस्थानातला एका वशिंडाचा उंट. त्याचे केस राठ. दोर, सतरंज्या यांसाठी ठीक. कोटाचं कापड येतं ते मुख्यतः मंगोलिया आणि उत्तर चीनमधल्या दोन वशिंडांच्या उंटापासून. गोबीच्या वाळवंटात हिवाळ्यात पारा उणे 40 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. तिथे टिकायचं म्हणून या उंटाच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: बाहेर लांब, जाड केस आणि त्याखाली जेमतेम 20 मायक्रॉन जाडीची मऊ लव. (आपला केस साधारण 70 मायक्रॉन.) ऊब देते ती ही लव; नेमकं सांगायचं तर तिच्यात अडकलेली हवा. लवेचे तंतू नागमोडी असल्याने एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि मधली हवा जागची हलत नाही.

वसंतात ही लव आपोआप झडू लागते. पशुपालक ती विंचरून काढतात. खरं किचकट काम त्यानंतरचं: यंत्रावर राठ केस वेगळे करणं. ते थोडे जरी मागे राहिले तरी कापड टोचतं. लव ब्लीच केली तर कमजोर होते, म्हणून ती बहुधा मूळ तांबूस-भुऱ्या रंगातच विणतात. तोच ‘कॅमल’ रंग. आणि तो मेंढीच्या लोकरीला देणं अगदी सोपं!

सूक्ष्मदर्शकाखाली मेंढीच्या केसावरचे खवले ठळक दिसतात, उंटाचे पुसट. काश्मिरी बकरीची लव मात्र तज्ज्ञांनाही चकवते. अशा वेळी केसातल्या केराटिनचे तुकडे करून त्यांचं वस्तुमान मोजतात. उत्क्रांतीत उंट मेंढी-बकऱ्यांपासून फार पूर्वी वेगळा झाला, त्यामुळे त्याची प्रथिनं पुरेशी निराळी असतात. रंगवलेल्या कापडातही हा फरक सापडतो.

दुकानात अर्थातच हे जमणार नाही. तिथे कोटाच्या आत शिवलेली पट्टी वाचा. अमेरिकेच्या 1939च्या कायद्यात ‘वूल’ या शब्दात मेंढीची लोकर आणि उंटाचे केस दोन्ही बसतात. म्हणून ‘100 टक्के वूल’वर समाधान मानू नका; ‘कॅमल हेअर’ हे शब्द आणि त्यांची टक्केवारी शोधा.