पॉड व्हेप: पुनर्भरण व देखभाल

पॉड व्हेप हे निकोटिनयुक्त द्रव तापवून त्याचा श्वासावाटे घेण्याजोगा फवारा तयार करणारे, विजेरीवर चालणारे लहान उपकरण आहे. ते ई-सिगारेटचा एक प्रकार होय. त्याचे दोन भाग असतात: पुन्हा चार्ज करता येणारी विजेरी असलेले मुख्य उपकरण आणि त्यावर बसणारी द्रवाची कुपी. या कुपीला पॉड म्हणतात. पॉड दोन प्रकारचे असतात. एक प्रकार वापरणाऱ्याने स्वतः द्रव भरण्यासाठी बनवलेला असतो. दुसरा कारखान्यात द्रव भरून बंद केलेला असतो आणि तो रिकामा झाला की टाकून देऊन नवा बसवणे अपेक्षित असते. या दुसऱ्या प्रकारास पूर्वभरित पॉड म्हणतात. पूर्वभरित पॉड पुन्हा भरण्याची प्रथा वापरणाऱ्यांमध्ये आढळते. मात्र त्याची रचना त्यासाठी केलेली नसते. पुनर्भरणातून उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

भारतात २०१९ पासून सर्व प्रकारच्या ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक व जाहिरात यांस बंदी आहे. ही बंदी सुट्या भागांनाही लागू असल्याने पुण्याजवळील हिंजवडीसारख्या ठिकाणी नवा पॉड, वेटोळे किंवा भरण्याचे द्रव कायदेशीर मार्गाने मिळू शकत नाही.

उगम

विजेवर चालणाऱ्या धूररहित सिगारेटची कल्पना अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये एकस्वासाठी मांडली होती. ती बाजारात रुजली नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः चीनमधील औषधनिर्माणशास्त्रज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांचे उपकरण २००३ च्या सुमारास तयार झाले. पूर्वभरित पॉडचा प्रसार २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जूल या उपकरणामुळे झाला. त्यात निकोटिन बेंझॉइक आम्लाबरोबर क्षाररूपात वापरलेले होते. निकोटिनचा असा क्षार घशाला कमी झोंबतो, त्यामुळे त्याची तीव्रता बरीच वाढवता येते. पॉड आकाराने लहान असूनही त्याचे व्यसन लवकर जडते, याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीस बंदी आली. त्यानंतर तेथील उत्पादकांनी चार्ज करता येणाऱ्या उपकरणासोबत पूर्वभरित पॉड देण्यावर भर दिला. दिसण्यात ही उपकरणे जुन्या फेकाऊ व्हेपसारखीच असल्याने दोहोंमध्ये गल्लत होते.

रचना व कार्य

पॉडमध्ये द्रवाची टाकी, तिच्या मधून जाणारी वाफेची नळी, कापसाची वात आणि वातीला लागून असलेले तापतारेचे वेटोळे किंवा जाळी असते. तार बहुधा निक्रोमची किंवा लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची असते. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व सुगंधी द्रव्ये असतात. वापरणाऱ्याने झुरका घेतला की हवेच्या दाबातील फरक संवेदकाला कळतो, विजेरीतून प्रवाह वाहू लागतो आणि वातीतील द्रव तापून त्याचे सूक्ष्म थेंब बनतात. बोलीभाषेत याला वाफ म्हणतात. वस्तुतः तो थेंबांचा फवारा असतो.

येथे वातीचे काम समईतील वातीसारखेच आहे. समईत तेल असेपर्यंत वात सावकाश जळते. तेल संपले की ती स्वतःच जळू लागते. पॉडमध्येही द्रव आहे तोपर्यंत उष्णता त्याचे बाष्पीभवन करण्यात खर्च होते व तापमान आवाक्यात राहते. प्रोपिलीन ग्लायकॉलचा उत्कलनांक सुमारे १८८° से., तर ग्लिसरीनचा सुमारे २९०° से. आहे. वात कोरडी पडली की तापमान झपाट्याने चढते, कापूस करपतो आणि या दोन्ही द्रवांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड व ॲक्रोलीन ही घातक संयुगे तयार होतात. करपट चव हे त्याचे लक्षण होय. एकदा करपलेली वात नव्या द्रवाने पूर्ववत होत नाही.

पुनर्भरण

भरण्यासाठीच बनवलेल्या पॉडला बाजूस किंवा तळाशी सिलिकोनचे बूच असलेले छिद्र असते. बाटलीची बारीक चोच त्यात घालून द्रव सोडले जाते आणि हवेसाठी थोडी जागा रिकामी ठेवली जाते. द्रव मधल्या नळीत गेल्यास गुडगुड आवाज येतो व गरम थेंब तोंडात उडतात. नवी वात भिजण्यास काही मिनिटे लागतात. त्याआधी झुरके घेतल्यास पहिल्याच वेळी ती करपते.

पूर्वभरित पॉडला असे छिद्र सहसा नसते. तो भरण्यासाठी मुखनळीचे झाकण उचकटले जाते किंवा तळाच्या बुचातून सुई घातली जाते. झाकण एकदा निघाले की पूर्वीइतके घट्ट बसत नाही आणि द्रव विजेरीच्या बाजूस झिरपू लागते. ते संवेदकापर्यंत पोचल्यास झुरका न घेताही वेटोळे तापू शकते. खिशात किंवा पिशवीत असताना उपकरण आपोआप गरम होण्यामागे हे एक ज्ञात कारण आहे.

वातीचा प्रश्न याहून मूलभूत आहे. पूर्वभरित पॉडमधील वात व वेटोळे त्या पॉडमधील द्रव संपेपर्यंत टिकावे, इतक्याच बेताने बनवलेले असते. गोड चवीच्या द्रवातील सुक्रालोजसारखे पदार्थ तारेवर करपून काळा थर साठवतात. पहिल्या भरणीच्या शेवटी हा थर बराच जाड झालेला असतो, त्यामुळे दुसऱ्या व तिसऱ्या भरणीत करपट चव लवकर येते. द्रवाचा दाटपणाही महत्त्वाचा असतो. ग्लिसरीनचे प्रमाण अधिक असलेले द्रव मोठ्या उपकरणांसाठी असते. ते पॉडच्या बारीक वातीत वेळेवर पोचत नाही आणि टाकी भरलेली असूनही वात कोरडी राहते. काही उत्पादक पॉडमध्ये झुरके मोजणारी चकती बसवतात. अशा पॉडमध्ये द्रव भरले तरी उपकरण चालत नाही.

तीव्रतेबाबतचा गैरसमज सर्वांत धोकादायक ठरतो. वेष्टनावरील ५ टक्के हा आकडा वाचताना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर मिलिलिटरमागे सुमारे ५० मिग्रॅ. निकोटिन असा होतो. म्हणजे २ मिलि.च्या पॉडमध्ये सुमारे १०० मिग्रॅ. आणि १० मिलि.च्या बाटलीत सुमारे ५०० मिग्रॅ. निकोटिन असते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार पॉडची क्षमता २ मिलि., तीव्रता दर मिलिलिटरला २० मिग्रॅ. आणि भरण्याच्या बाटलीचा आकार १० मिलि. यांपेक्षा अधिक असता कामा नये; बाटलीचे झाकण मुलांना उघडता येऊ नये, अशीही अट आहे. भारतात विक्रीच निषिद्ध असल्याने अशी कोणतीही मानके अस्तित्वात नाहीत आणि चोरट्या मार्गाने आलेल्या बाटलीवरील मजकुराची खातरजमा करण्याची सोय वापरणाऱ्याला नाही. द्रवात काय मिसळले आहे याचे महत्त्व अमेरिकेतील २०१९-२० च्या फुप्फुसविकाराच्या साथीने दाखवून दिले. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाले व ६८ मृत्यू झाले. त्याचा संबंध मुख्यतः गांजातील द्रव्य असलेल्या, अनौपचारिक मार्गाने मिळवलेल्या पॉडमध्ये घातलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी असल्याचे आढळले.

निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते. तंबाखूचा अर्क पिकांवर कीटकनाशक म्हणून फवारण्याची जुनी रीत त्याच्या याच विषारीपणावर आधारलेली आहे. मळमळ, उलटी, घाम, लाळ सुटणे, हृदयाचे ठोके वाढणे ही सुरुवातीची लक्षणे होत. मात्रा अधिक असल्यास झटके येतात व श्वसन मंदावते. सांडलेले द्रव अंगावर पडल्यास भिजलेले कपडे काढून त्वचा साबण व भरपूर पाण्याने धुवावी लागते. लहान मुलाने द्रव गिळल्यास उलटी करवू नये. त्याला बाटलीसह तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

देखभाल

देखभालीचा भाग तुलनेने साधा आहे. पॉड व विजेरी जेथे जुळतात त्या धातूच्या टोकांवर ओलावा साचतो. तो कोरड्या कापसाने पुसला नाही तर उपकरण पॉड ओळखत नाही. पॉड उभा ठेवल्यास गळती कमी होते. उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेल्या उपकरणातील द्रव पातळ होऊन गळते आणि लिथियम-आयन विजेरीवरही ताण येतो.

विजेरीची काळजी मात्र निष्काळजीपणे घेण्यासारखी नाही. या विजेऱ्या लहान असल्या तरी आतून बिघडल्यास उष्णता स्वतःच वाढत जाऊन पेट घेऊ शकतात. मोबाइलचा जलद चार्जर वापरणे, रात्रभर उशीजवळ चार्जिंगला लावणे, द्रव झिरपलेले किंवा फुगलेले उपकरण चार्ज करणे ही आगीची नेहमीची कारणे होत. फुगलेली विजेरी दुरुस्त होत नाही.

नीट देखभाल केली म्हणून आरोग्याचा धोका नाहीसा होत नाही. करपट झुरके टाळता येतात; निकोटिनचे व्यसन व हृदय-रक्तवाहिन्यांवरील परिणाम टळत नाहीत. न करपलेल्या फवाऱ्यातही निकेल, क्रोमियम व शिसे यांचे अंश अभ्यासांत आढळले आहेत.

भारतातील कायदा व हिंजवडी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून ई-सिगारेटवर संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेशाचा निर्णय जाहीर केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेच्या मंजुरीनंतर त्याचे कायद्यात रूपांतर झाले. द्रवात निकोटिन असो वा नसो, तापवून फवारा देणारे प्रत्येक उपकरण त्याच्या कक्षेत येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने तेवढी वगळलेली आहेत. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुढील गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

बंदी संपूर्ण उत्पादनाइतकीच ‘त्याच्या कोणत्याही भागा’लाही लागू आहे. त्यामुळे सुटा पॉड किंवा वेटोळे विकणे हाही गुन्हा ठरतो. उत्पादनाच्या व्याख्येत जुळणीचाही समावेश आहे. वैयक्तिक वापरासाठी कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची भूमिका मात्र, कोणत्याही स्वरूपात व प्रमाणात ई-सिगारेट बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन आहे, अशी आहे. तक्रारींसाठी मंत्रालयाने २०२३ मध्ये संकेतस्थळही सुरू केले.

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान असून परिसरात व्यवस्थापन व तंत्रशिक्षणाच्या संस्थाही आहेत. हा भाग १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. येथील भाड्याच्या सदनिका व वसतिगृहे यांच्या दृष्टीने साठवणुकीचे कलम महत्त्वाचे आहे. जागेचा मालक, भोगवटादार किंवा जागा ताब्यात असलेली व्यक्ती यांपैकी कोणीही ती ई-सिगारेटच्या साठ्यासाठी जाणूनबुजून वापरू दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. झडती व जप्तीचे अधिकार उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांना आहेत.

टपरीवर सिगारेट उघडपणे मिळते आणि ई-सिगारेटला मात्र बंदी, या विसंगतीवर टीका होते. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून व्हेपला शासकीय आरोग्ययंत्रणेचा पाठिंबा मिळाला, हे उदाहरण टीकाकार देतात. बंदीचे समर्थक, कधीही धूम्रपान न केलेल्या तरुणांना ही उपकरणे निकोटिनकडे ओढतात याकडे लक्ष वेधतात. महाराष्ट्रापुरते पाहता पर्यायाचा युक्तिवाद आणखी तोकडा पडतो, कारण येथील तंबाखूसेवन मुख्यतः मळून खाण्याचे व मशेरीचे आहे. व्यसन सोडण्यासाठी निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते आणि १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन उपलब्ध आहे.

विल्हेवाट

रिकाम्या पॉडमध्येही निकोटिनचे अवशेष राहतात आणि उपकरणात लिथियम विजेरी असते. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली विजेरी कचरागाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. पुणे परिसरात कचऱ्याचे वर्गीकरण बऱ्याच अंशी कचरावेचकांच्या हातांनी होत असल्याने गळके पॉड त्यांच्या त्वचेशी थेट संपर्कात येतात. विजेऱ्यांसाठी २०२२ चे विजेरी कचरा व्यवस्थापन नियम आणि उपकरणांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम आहेत. दोन्ही नियमांत परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. बंदी असलेल्या वस्तूला देशात नोंदणीकृत उत्पादक नसल्याने ती जबाबदारी येथे कोणावरच पडत नाही. जुने उपकरण ई-कचरा संकलन केंद्रात देताना पॉड वेगळा करून बंद पिशवीत ठेवणे आणि विजेरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावणे सुरक्षित मानले जाते.